पांढरीची दुसरी बाजू

सून : बाबा, बटण का दाबलंत?

सासरे : आवाज आला म्हणून दाबलं. आवाज आला की दाबायचं, असंच सांगितलंस ना?

सून : हो, पण मी अजून काही वाजवलंच नाहीये.

सासरे : वाजतंय की! बारीक, वरचा सूर.

सून : आत्ता? मी बोलतेय तेव्हासुद्धा?

सासरे : तू बोललीस की मागे जातो. थांबलीस की येतो. सूनबाई, तुझं मशीन एकदा बघून घे. एखादं बटण चालू राहिलं असेल.

सासू : घ्या! कान तपासायला आणलं, तर हे तुझं मशीन तपासायला निघाले.

सासरे : ती काय म्हणतेय गं? काचेतून नुसतं तोंड हलताना दिसतंय.

सून : माईक माझ्या तोंडाशी आहे ना बाबा. आईंचं बोलणं आत येत नाही.

सासरे : अस्सं! लग्न झाल्यापासून मी हीच खोली शोधतोय. केवढ्याला पडते गं?

सून : बाबा, हसू नका, हेडफोन हलतो. आता नीट बसा. मी एकेक सूर वाजवते. तुम्हाला जो आवाज येतोय त्याच्याशी जुळला की सांगा. हा?

सासरे : छे, हा फारच खाली. हा तर आपल्या फ्रिजचा.

सून : हा?

सासरे : वर. अजून वर. माझा काचेच्या काठावरून बोट फिरवल्यासारखा आहे.

सून : हा?

सासरे : थोडा वर... हां! हा! अगदी हाच! लबाड, लावलीस ना माझी ती पांढरी रेकॉर्ड? मला न सांगता लावलीस! आता कळलं तुला? हाच तो. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, सगळं थांबतं ना, तेव्हाचा हाच सूर! मोज, मोज आता, आणि आकडा लिहून दे मला. रविवारी माझ्याशी पैज लावणाऱ्या त्या दाढीवाल्याच्या नाकासमोर धरतो.

सून : बरं. दोन मिनिटं बसा तसेच. मी जरा इथलं बघते.

सासू : काय गं? चेहरा का पडला तुझा?

सून : थांबा आई, माईक बंद करू दे. हं. आता त्यांना नाही ऐकू जाणार. आई, पांढरी कुठे आहे?

सासू : कुठे म्हणजे? ही काय माझ्या मांडीवर. पिशवीतून बाहेरसुद्धा नाही काढली. सांभाळून धर म्हणून रस्ताभर माझा जीव खाल्ला त्यांनी. तो प्लेअर तर पायाशी ठेवलाय, धोंडा नुसता.

सून : मग त्यांनी ऐकलं ते काय?

सासू : तू वाजवलंस ते.

सून : मी वाजवला तो नुसता एक सूर होता. आणि त्याच्याआधी तर मी काहीच वाजवत नव्हते, तरी ते बटण दाबत होते. आई, तो सूर रेकॉर्डमध्ये नाहीये. बाबांच्या कानात आहे. कारखान्यात प्रेसवर काम केलेल्या माणसांना होतं असं. सतत मोठा आवाज ऐकून आतला कान झिजतो आणि मग काही नसताना एक शीळ ऐकू येत राहते. माझ्याकडे येतात अशी माणसं.

सासू : धोक्याचं असतं का?

सून : धोक्याचं नाही. वरचे आवाज कमी ऐकू येतात, म्हणून त्यांना दारावरची बेल कळत नाही. तुम्ही ओरडता ते वेगळंच.

सासू : मी ओरडते ते आता सवयीनं गं. ते जाऊ दे. तू त्यांना सांगणार आहेस का हे?

सून : सांगायला नको?

सासू : नको. अगं, तुला माहीत नाही. तू घरात आलीस तेव्हा त्या मशीनच्या आवाजांच्या परदेशी रेकॉर्डी भिंतीला लागल्या होत्या, तुला वाटलं असेल हे सामान पहिल्यापासूनच आहे. मी एकेक घरात येताना पाहिलीय. एकाही रेकॉर्डवरचं अक्षर त्यांना वाचता येत नाही. चित्रावरून नावं ठेवलीत, ही शिडीवाली, ही मीटरवाली, ही सांडलेली शाई. एक गोल गोल म्हणून आहे. तिची शेवटची रेघ अशी काढलीय की सुई तिथल्या तिथेच फिरत राहते. मी एकदा लावली, शेजारी जाऊन गप्पा मारून आले, आले तरी आपलं तेच! मी म्हटलं, अहो, बिघडली ही. तर म्हणे, बिघडली नाही, तसंच आहे ते, हीच तर गंमत! आता बोला. मी हसायचे, नातेवाईक हसायचे. तुझा नवरा शाळेत मित्रांना घरी आणायचा नाही, बाबा भोंगे लावतात म्हणून. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, कधी उलटून बोलले नाहीत. फक्त त्या एका सुराच्या बाबतीत मात्र ताठ. तो मला ऐकू येतो, म्हणायचे, आणि तसा चेहरा व्हायचा बघ त्यांचा. अख्ख्या जन्मात माणसाला एक गोष्ट अशी मिळाली की जी दुसऱ्याला मिळाली नाही. ती तू काढून घेणार?

सून : मी नाही काढून घेत, आई. रविवारी तो दाढीवाला येणारच आहे ना त्याची पांढरी घेऊन?

सासू : येणार आहे, इतक्या लांबून. आणि ह्यांची ती रेकॉर्डी ऐकणारी सगळी मंडळी बसणार आहेत आमच्या बाहेरच्या खोलीत.

सून : आणि पैज काय लागलीय?

सासू : तो सूर पांढरीत आहे की नाही यावर. जो हरेल त्यानं आपली पांढरी द्यायची. ह्यांनी तर छाती पुढे काढून लिहिलं त्याला, बाजारातून आणलेली नाही, कारखान्यात आलेल्या त्या जर्मन माणसाने हातात दिली ती लावतो पैजेला.

सून : मग? आज मी नाही सांगितलं तर रविवारी दहा जणांसमोर तो सांगेल. त्यापेक्षा इथे, आपण तिघंच असताना बरं नाही का?

सासू : बरं नाहीये गं काहीच. पण तू म्हणतेस ते खरंय. जरा हळू सांग. एकदम अंगावर टाकू नकोस.

सासरे : काय कुजबुज चाललीय? इतका वेळ? अहो, मी आत आहे हो!

सून : माईक सुरू केलाय बाबा. या बाहेर. दार आपल्याकडे ओढा. हं.

सासरे : मग? किती निघाला आकडा?

सून : सांगते. आधी आपण खरी पांढरी लावू या का? तुमच्या प्लेअरची वायर मी माझ्या कॉम्प्युटरला जोडते. रेकॉर्डमध्ये जो आवाज असेल त्याची या पडद्यावर रेघ उठेल. बारीक सूर वरच्या अंगाला, जाड आवाज खाली.

सासरे : वा! म्हणजे हातच्या कांकणाला आरसा कशाला! पण म्हणजे... मघाशी तू पांढरी नव्हती लावलीस?

सून : नव्हती.

सासरे : मग तसाच सूर तुझ्याकडे आधीच होता तर. कमाल आहे. दे गं ती इकडे. अशी नाही, कडांना धर. सूनबाई, इथली धूळ पुसलीयस ना? हं. ही दुसरी बाजू. मी थेट शेवटालाच ठेवतो सुई. बघ, हे रेकॉर्डमधलं मशीन चाललंय. धक धक धक धक. ऐकलास ताल? अगदी आमच्या मोठ्या प्रेसचा. पण आमच्या प्रेसपाशी उभं राहिलं की जीव मुठीत धरावा लागायचा. कुणाचं बोट केव्हा जाईल सांगता यायचं नाही. तो जर्मन मशीन बसवायला आला होता, त्यानं त्याच्या खोलीवर नेलं मला आणि हे ऐकवलं. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच मशीन, आणि कुणाला लागत नाहीये! रडूच आलं होतं मला. त्याला वाटलं आवडलं नाही.

सासू : मला नाही कधी सांगितलंत हे.

सासरे : रडलो ते काय सांगायचं? थांब, थांब, आता बघा. एकेक आवाज गळायला लागला. हा गेला. हा गेला. आता फक्त धक धक. आणि... बंद. आता! हा बघ आला! आला ना? कशी उठलीय रेघ?

सून : बाबा, पडदा बघा.

सासरे : बघतोय. कुठे आहे?

सून : इथे असायला हवी होती. या पट्ट्यात.

सासरे : तिथे तर काहीच नाही. तुझी वायर सैल असेल.

सून : धक धक दिसत होतं ना मघाशी? वायर तीच आहे. बाबा, तुम्हाला येतोय आत्ता तो सूर?

सासरे : येतोय म्हणजे काय, स्पष्ट येतोय.

सून : डोळे मिटा जरा. मी सांगेपर्यंत उघडू नका. येतोय?

सासरे : हो.

सून : आता?

सासरे : हो.

सून : अजून?

सासरे : हो गं. तसाच आहे.

सून : उघडा डोळे.

सासरे : हे... सुई तू उचललीस?

सून : उचलली, बाबा. दुसऱ्यांदा विचारलं त्याच्याआधीच.

सासरे : पण येतोय अजून.

सून : हो. येत राहील. तो तुमच्या कानात आहे.

सासरे : माझ्या कानात.

सून : कारखान्यामुळे. प्रेसच्या आवाजानं. तुमचं काही चुकलं नाही यात. तेव्हा कानात घालायला कुणी काही देत नव्हतं.

सासरे : पण मग तो इतर वेळी का नाही येत? तो पांढरीच्याच शेवटी का येतो?

सून : इतर वेळी आजूबाजूला आवाज असतो, त्यात तो झाकला जातो. तुम्ही दार लावून, डोळे मिटून, जीव कानात आणून शांतता कधी ऐकता? फक्त तेव्हाच. अंथरुणावर पडल्यावर येतो का?

सासरे : येतो. पण मला वाटायचं, एखादी चाल कशी डोक्यात राहते माणसाच्या, तशी ती राहिलीय. मी खूश असायचो गं. म्हणायचो, चला, आज सोबतीला आली.

सासू : अहो, पाणी देऊ का?

सासरे : नको. सूनबाई, एक सांगतो. पहिल्यांदा जेव्हा ती रेकॉर्ड घरी आणली, तेव्हा नव्हता येत तो सूर. पहिली काही वर्षं नव्हता. रोज पाळीवरून आलो की लावायचो, आणि शेवटी नुसती शांतता. मग एक दिवस आला. मी उठून उभा राहिलो होतो, हिला आठवत असेल. हिला स्वयंपाकघरातून ओढत आणलं होतं. म्हटलं, झाला, माझा कान तयार झाला. एवढी वर्षं ऐकून ऐकून शेवटी कान तयार झाला माझा. म्हणजे तयार नव्हता होत.

सून : बाबा...

सासरे : जात होता.

सासू : अहो, कान काय, वय झालं की सगळ्यांचेच जातात. माझे गुडघे नाही का गेले?

सासरे : तुझ्या गुडघ्यांना मी जगभर मिरवलं नव्हतं ना! अगं, त्या दाढीवाल्याला मी काय काय लिहिलं. तुझा कान कच्चा आहे म्हणालो. गाढवाला गुळाची चव काय, असं लिहिलं मी त्याला! तो बिचारा सरळ सांगत होता, माझ्या पांढरीत काही नाही, नुसती शांतता आहे आणि मधे जराशी खरखर. ठेव ती पिशवीत. चला घरी. रविवारी त्याला देऊन टाकू.

सासू : लगेच द्यायला कशाला निघालात? तो म्हणू दे तरी आधी.

सासरे : काय म्हणू दे? शब्द दिलाय मी. हरलो तर हरलो. निदान खोटा तरी नाही ठरणार. कळवून टाकतो मंडळींना, येऊ नका म्हणून. तो एकटा येईल, घेऊन जाईल.

सून : बाबा, एक मिनिट. पिशवीत नका घालू. तुमचा सूर नाही, पण पडद्यावर काहीतरी उठलं होतं. मी जरा मागे नेऊन बघते. हे बघा. वरच्याच अंगाला, बारीक बारीक टोकं. एक घोळका, मग काही नाही.

सासरे : धूळ असेल.

सून : धुळीचं असं दिसत नाही. धुळीची एकच सरळ रेघ उभी राहते. हे जरा वेगळं आहे.

सासू : किल्ल्या असतील त्या.

सासरे : काय?

सासू : किल्ल्या हो. त्याच्या किल्ल्या.

सून : कुणाच्या किल्ल्या, आई?

सासू : आता मला काय विचारता? तो वाजवणारा माणूस. सगळं वाजवून झालं की उठतो ना तो. आधी खुर्ची सरकते. मग किल्ल्या उचलतो, छनछन होते जराशी. मग दार. आणि मग जातो.

सासरे : जातो? कुठे जातो?

सासू : मला काय ठाऊक! मला वाटायचं, दमला बिचारा, चहाबिहा घ्यायला गेला असेल.

सासरे : तू... तुला हे ऐकू येतं? पहिल्यापासून?

सासू : पहिल्यापासून.

सासरे : आणि बोलली नाहीस?

सासू : बोलले नाही? अहो, तुम्ही मला पकडून बसवायचात आणि विचारायचात, येतंय का गं, ते बारीक येतंय का ऐकू? मी म्हणायचे, येतंय की! मला वाटलं तुम्ही किल्ल्यांचंच विचारताय.

सासरे : अगं बाई! तुझ्या भरवशावर मी त्या दाढीवाल्याला छातीठोक लिहिलं, आमच्या घरात दोघांना ऐकू येतं!

सासू : मग काय खोटं लिहिलंत? येतंच होतं दोघांना. तुम्हाला एक, मला दुसरं.

सून : आई, तुम्ही धन्य आहात.

सासू : मी मेली धन्य कसली. मला तर नेहमी नवल वाटायचं, की किल्ल्यांचं एवढं काय कौतुक ह्यांना! डोळ्यांत पाणी काय येतं, हात काय जोडतात. म्हटलं, असेल बाई, कलेतलं काही असेल, आपल्याला नाही कळत.

सासरे : खुर्ची म्हणालीस? ती घर्र अशी येते तीच का? ती मला येते ऐकू. मी तो ओरखडा समजायचो. दुसरी पांढरी आणली तिच्यातही तो सापडला, तेव्हा म्हटलं, बरोब्बर त्याच जागी ओरखडा कसा? मग म्हटलं, छापतानाच पडला असेल. सूनबाई, मला खुर्ची येते आणि किल्ल्या का येत नाहीत?

सून : खुर्चीचा आवाज जाड असतो. तुमचं खालचं सगळं चांगलं आहे. किल्ल्या पडतात नेमक्या तुमच्या गेलेल्या पट्ट्यात. बघा, तुमचा तो सूर जिथे आहे, जवळजवळ तिथेच.

सासरे : म्हणजे माझाच सूर त्या किल्ल्यांच्या आड येत होता.

सून : साधारण तसंच.

सासरे : पण तो जातो कशाला? रेकॉर्डिंग चालू ठेवून? एवढी मोठी शिस्त त्या लोकांची, मशीन बंद न करता उठेल कसा?

सासू : विसरला असेल.

सून : मुद्दाम ठेवलं असेल. नाहीतर रेकॉर्ड छापताना कापून नसतं टाकलं?

सासरे : बरोबर. कापलं असतं. मुद्दाम ठेवलंय त्यानं. सगळं मशीनवर चाललंय, माणूस कुठे नाही, असं वाटत असतं आपल्याला, आणि शेवटी... थांबा. थांबा हं. अरे देवा.

सासू : काय झालं? दुखतंय का कुठे?

सासरे : तो जर्मन. त्यानं ही मला दिली ना, निघायच्या दिवशी, कारखान्याच्या फाटकापाशी. त्याला माझी भाषा येईना, मला त्याची. त्यानं ही बाजू वर केली, शेवटच्या रेघांवर बोट ठेवलं. मग दोन बोटं अशी केली, पायांसारखी, आणि कव्हरवरून चालवत नेली. कडेपर्यंत नेली आणि कडेवरून खाली. आणि हसला. मला वाटलं, तो म्हणतोय मी चाललो आता. मी आपला त्याला मिठी मारली, डोळे पुसले. तो गोंधळला होता जरा. अगं, तो स्वतःचं नव्हता सांगत!

सून : रेकॉर्डमधल्या माणसाचं सांगत होता.

सासरे : ऐक म्हणत होता! शेवटी हा माणूस उठून जातो, ते ऐक, म्हणत होता. आणि मी इतकी वर्षं भलतंच ऐकत बसलो.

सासू : असू दे हो. भलतं का असेना, मन लावून ऐकलंत.

सासरे : सूनबाई, तुझ्या या मशीनमध्ये असं काही आहे का, तेवढ्याच पट्ट्याला जोर देता येईल? आमच्या वेळी पट्टा बदलला की चाक जोरात फिरायचं, तसं काहीतरी?

सून : आहे. तेवढाच भाग उचलून देते. पण फार नाही हं, जेवढा तुमच्या कानाला सोसेल तेवढाच. हा हेडफोन घ्या. एक बाजू कानावर, दुसरी मागे सरकवा, म्हणजे आईंचंही ऐकू येईल. आई, तुम्हाला स्पीकरमधून येईल.

सासरे : ये इकडे, जवळ बस. सांगत जा मला.

सासू : इथे खुर्ची कुठे आहे?

सून : माझी घ्या. मी उभी राहते.

सासरे : ठेवतो सुई. जरा मागेच ठेवतो, मशीन चालू असतानाच. धक धक धक. ऐकलंस? किती छान आहे गं हे.

सासू : छान काय, डोकं उठतं. पण शेवटी शेवटी बरं वाटतं, थकलेलं माणूस टेकल्यासारखं.

सासरे : हे बघ, हे तू कधी बोलली नव्हतीस. आता एकेक गळतंय. हे गेलं. हे गेलं.

सासू : आता थांबेल.

सासरे : थांबलं. आला माझा सूर. असू दे, बस बाबा तू तिथेच. पुढे?

सासू : खुर्ची.

सासरे : आली. आली मला. ओरखडा नाही, खुर्चीच आहे! पाय घासला तिचा. मग?

सासू : आता किल्ल्या. ही बघा... आत्ता.

सासरे : नाही आल्या.

सून : थांबा, थोडा वाढवते. मागे घ्या सुई. पुन्हा.

सासू : खुर्ची. आता... ही छनछन.

सासरे : ए! ए! आल्या! बारीक, सुराच्या पलीकडे, पण आल्या! दोन आहेत का तीन?

सासू : मला नेहमी दोनच वाटतात. एक मोठी आणि एक लहान.

सासरे : दोनच. खरंच, दोनच आहेत! सूनबाई, त्याच्याकडे दोनच किल्ल्या होत्या! एक घराची, एक या खोलीची. अगं, माणूस आहे गं तिथे. खराखुरा. खिसा आहे त्याला.

सून : पुसा डोळे. हेडफोनची वायर ओली होईल.

सासरे : होऊ दे. रविवारचं नाही रद्द करायचं. सगळ्यांना येऊ दे. दाढीवाल्याला आधी माफी मागतो आणि मग पांढरी हातात देतो. पण देण्याआधी हिला पुढच्या खुर्चीवर बसवतो आणि सांगतो, आता ही सांगेल तसं ऐका.

सासू : मी? दहा माणसांसमोर? काहीतरीच!

सासरे : मग काय मी सांगू? मला अर्ध्याच किल्ल्या येतात. त्याला सांगायचं, ती तुझी खरखर नाहीये बाबा, नीट ऐक.

सासू : आणि द्यायची म्हणजे खरंच देणार? जर्मननं दिलेली?

सासरे : देणार. जीव तुटतोय, खोटं कशाला सांगू. पण दुसरी आहे ना आपल्याकडे. माणूस तर तोच आहे तिच्यात. बरं, दार म्हणालीस. दार कसं आहे?

सासू : हलकेच ओढून घेतो. आपटत नाही. सभ्य आहे तो.

सासरे : आणि मग? मग परत येतो का?

सासू : ते नाही माहीत.

सासरे : नाही माहीत? एवढं सगळं माहीत आणि हे नाही माहीत?

सासू : कसं माहीत असणार? दार लागलं रे लागलं की तुम्ही सुई उचलता. पुढे रिकामं आहे, उगाच सुई झिजते म्हणता.

सासरे : रिकामंच आहे पुढे. मला काही... मला काही ऐकू येत नाही पुढे.

सून : पडद्यावर बघायचं का बाबा? मला लगेच दिसेल.

सासरे : नको, नको. पडदा तिकडे फिरव. बघायचं नाही, ऐकायचं. सुई पुन्हा जरा मागे ठेवतो. तो आता कुठे आलाय?

सासू : दारापाशी. ओढलं. लागलं दार.

सासरे : लागलं. आता?

सासू : हात मागे घ्या. आज उचलू नका.

सासरे : नाही उचलत.

(रेकॉर्ड फिरत राहते. तिघंही प्लेअरकडे वाकलेली.)

सासरे : काही येतंय?

सासू : अजून रेघा आहेत पुढे. बऱ्याच आहेत.

सासरे : पावलं वगैरे? जिन्यावर?

सासू : जरा गप्प बसा. ऐकतेय मी.